एका रिंगचं गाव

आमच्या शाळेच्या मैदानावर एकच रिंग होती. दुसऱ्या टोकाला निंबाचं झाड होतं. बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब असतं आणि दोन्ही टोकांना रिंग असते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात हत्तीही होता, म्हणून तो गावात थोडाच दिसायचा.

गाव दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून आत, एसटी दिवसातून तीनदा यायची आणि पाऊस झाला की दोनदा. साल 1994. मी नववीत होते आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन होते. का होते, त्याचं उत्तर सरळ आहे: चेंडू माझा होता. बाबा कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. नागपूरला काही कामानं गेले तेव्हा सीताबर्डीवरून तो चेंडू घेऊन आले. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, तसंच हे. कॅप्टनपदासाठी मतदान, चर्चा असं काही झालं नाही. सरांनी विचारलं, "चेंडू कोण सांभाळणार?" मी हात वर केला, आणि सर म्हणाले, "मंग कॅप्टन तूच."

कबड्डी-खोखोच्या मुलखात हा खेळ आला कसा, तर या सरांमुळे. पी.टी.चे सर अमरावतीला शिकलेले, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथला चमू आपले देशी खेळ दाखवायला जर्मनीला गेला होता, ही गोष्ट सर दर पावसाळ्यात एकदा तरी सांगत, आणि सांगताना अशी छाती काढत की जणू स्वतःच बोटीत बसून गेले होते. बास्केटबॉल कुठून आला तेही त्यांनीच सांगितलं. "1891 चा डिसेंबर. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड म्हणून गाव. बाहेर बर्फ. पोट्टे आत कोंडलेले, मस्ती करून राहिलेले. मास्तरनं काय केलं, पीच नावाच्या फळाचे दोन टोपले गॅलरीच्या कठड्याले ठोकले. बुडं तशीच ठेवली. चेंडू आत पडला की शिडी लावून काढा!" जेम्स नेस्मिथ हा मास्तर आपल्यासारखाच पी.टी.चा मास्तर होता, यावर सरांचा फार भर. याच नेस्मिथनं पुढं कॅन्ससच्या विद्यापीठात संघ शिकवला तेव्हा 55 सामने जिंकले आणि 60 हरले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ज्यानं खेळ काढला त्याच्याच पदरी हार जास्त. तेव्हा माहीत असतं, तर आम्हाला बराच आधार वाटला असता.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात चपलेला चिकटून बरोबर चालणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. सरपंचांच्या मागं लागून सरांनी रिंगपुढं दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घेतला होता, पण मुरमावर चेंडू टप्पा घेतो तो त्याच्या मर्जीनं. खडा आला की चेंडू भलतीकडंच. म्हणून आम्ही चेंडू आपटत पळायला शिकलोच नाही. आम्ही पास द्यायला शिकलो. छातीपासून छातीपर्यंत, हवेतून, जमिनीला शिवू न देता. आमच्यात एकजूट फार होती म्हणून आम्ही पास देत होतो असं कुणी समजू नये. जमीनच तशी होती.

रिंगला जाळी नव्हती. त्यामुळे चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून, यावर रोज भांडण. वाद फारच झाला तर निकाल कॅप्टन द्यायची, आणि कॅप्टन बहुतेक वेळा स्वतःच्या बाजूनं द्यायची.

एक रिंग असली की काय होतं, ते मैदानावर न गेलेल्याला चटकन कळणार नाही. दोन बाजू एकाच रिंगवर खेळतात. टोपली झाली, की चेंडू चुन्याच्या रेषेपर्यंत नेऊन पुन्हा सुरुवात. म्हणजे टोपली झाल्यावर तुम्ही थांबता. श्वास घेता. केस नीट करता. "पाह्यलं का?" म्हणता. पाठीमागं काही घडतंच नाही, कारण पाठीमागं निंबाचं झाड आहे आणि त्याच्याखाली शिपाईकाका बसलेत. दोन वर्षं आम्ही असं खेळलो. टोपली झाल्यावर थांबायचं असतं, हे पायांनी पाठ केलं.

आता तिच्याविषयी. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. मैदानावर तिला सगळे 'पंधरा' म्हणत. त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमात शर्टाचे नंबर 4 ते 15 एवढेच असत. एक, दोन, तीन ही बोटं पंचाला गुण आणि इशारे दाखवायला लागतात, म्हणून ते आकडे खेळाडूंना नाहीत, असं सर सांगत. (2014 मध्ये हा नियम बदलला, आता शून्य ते नव्व्याण्णव.) शाळेनं बारा शर्टांचा संच घेतला होता आणि मुली नऊ. चार नंबरचा शर्ट कॅप्टनचा, तो माझा. पंधरा नंबर सगळ्यात मोठ्या मापाचा, आणि ती आमच्यात सगळ्यात थोराड, म्हणून तो तिचा.

खेळ तिला फारसा येत नव्हता. चेंडू पकडताना ती डोळे मिटायची. पण तिला आवाज होता. तिच्या बापाची सहा एकर कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी, तूर, आणि धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, पट्ट्यात घरच्यापुरती ज्वारी. ज्वारी दाण्यावर आली की पाखरं राखायचं काम तिचं. सातव्या-आठव्या वर्षापासून ती माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती आणि हाळी देत होती. त्या हाळीला एक लांबी असते. ती शेताच्या त्या टोकाला जाऊन पाखरं उठवते आणि मग परत येते. शाळेच्या प्रार्थनेत बाई तिला हळू म्हणायला सांगत.

त्या वर्षी आमचा संघ तालुक्याला लढलाच नाही. मुलींचा दुसरा संघच आला नव्हता. न खेळता जिल्ह्याला गेलो. दिवाळीनंतर यवतमाळला स्पर्धा. मी फार गंभीर झाले. वहीत नियम लिहिले, आणि पहिला नियम: जी सरावाला येणार नाही, ती सामन्यात खेळणार नाही. हा नियम मला स्वतःला फार आवडला होता. त्यात न्याय होता, शिस्त होती, आणि मला तो मोडावा लागणार नव्हता, कारण माझं घर शाळेच्या मागं होतं.

पंधरा तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर वही उघडून दाखवली. ती म्हणाली, "बरं." काऊन नाही आलीस, असं मी विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. नियमात ते कलम नव्हतं.

यवतमाळचं मैदान सिमेंटचं होतं. चेंडू टप्पा घेऊन तोंडापर्यंत उसळला तेव्हाच आमच्या पोटात गोळा आला. सर शाळेच्या मुलांची कबड्डी घेऊन मैदानाच्या त्या टोकाला होते, एकच पी.टी. सर, तीन संघ. जाताना म्हणाले, "प्रशिक्षक नसला की कॅप्टनच पाहते. तू पाह्य." म्हणजे कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, ते मीच ठरवणार. नऊपैकी पाच आत. पंधरा बाहेर.

सामना सुरू झाला आणि दोन मिनिटांत आमची पहिली टोपली पडली. पासवर पास, तिसऱ्या पासवर मी खालून मारला, आत. आम्ही थांबलो. केस नीट केले. मी "पाह्यलं का?" म्हणायला वळले, तोवर त्यांच्या मुलीनं चेंडू रेषेबाहेरून टाकला होता, दुसरीनं पळत नेला होता आणि आमच्या मोकळ्या रिंगमध्ये तो पडलाही होता. आमच्या पाचजणींपैकी एकीचंही तोंड तिकडं नव्हतं.

पुन्हा तेच. आणि पुन्हा. चेंडू गेला की आम्ही जिथल्या तिथं. त्या काळी 10 सेकंदांत चेंडू मधल्या रेषेपलीकडं न्यावा लागे, 2000 नंतर ते 8 सेकंद झाले. त्या मुली तो चार सेकंदांत नेत होत्या. सिमेंट, दोन रिंगा, सवय. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते? "अगं काय करून राहिली तू?" "पकडता येत नाही का?" प्रत्येक टोपलीनंतर मी कुणाला तरी तिची चूक सांगत होते, आणि ती मुलगी माझ्याकडं पाहत उभी राही. म्हणजे आधीच मागं न पळणारी मुलगी, आता कॅप्टनचं ऐकण्यासाठी थांबलेली. मध्यंतराला 26-4.

दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला बाहेरून हाळी आली.

"मांगंऽऽऽ!"

पाचही जणी वळलो. मैदानाबाहेरची पोहेवाल्याजवळची माणसंही वळली असावीत. बाकावरून पंधरा उभी होती, तोंडाभोवती दोन्ही हातांचा पेला केलेला. आमची टोपली हुकली की, पडली की, चेंडू हातातून गेला की, "मांगंऽऽ!" आणि आम्ही पळत होतो. का पळतोय ते कळायच्या आत पळत होतो. त्या आवाजात चूक कुणाची हे नव्हतंच. पाखरावर कुणी रागावत नाही; त्याला उठवायचं असतं. पंचांनी एकदा आमच्या बाकाकडं वळून पाहिलं आणि सोडून दिलं.

मग आमच्या एकीचे पाच फाऊल झाले, ती बाहेर, आणि मला पंधराला घ्यावं लागलं. घ्यावं लागलं, हेच खरं. आत येऊन तिनं एकही टोपली केली नाही. दोनदा चेंडू पकडताना डोळे मिटले. पण चेंडू आमच्या हातून सुटला की सगळ्यात आधी तिची पाठ दिसायची. ती आपल्या रिंगखाली पोचून तोंड फिरवायची, आणि तिथून बोलत राहायची: "डावीकडं येऊन राह्यली, डावीकडं! लंबीले धर! माह्याकडं नको पाहू, चेंडूकडं पाह्य!" आम्हाला मागचे डोळे मिळाले. सामना 41-12 असा हरलो. पण दुसऱ्या डावाचा हिशेब 15-8 होता, आणि तो मी एसटीत बसल्यावर वहीत दोनदा करून पाहिला.

एसटीत ती माझ्या शेजारी झोपली. हात मांडीवर उघडे पडले होते. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेनं, बारीक बारीक चिरा. काही लाल, काही वाळलेल्या. बोंड उमललं की त्याच्या वाळक्या पाकळ्या सुईसारख्या होतात आणि कापूस ओढताना बोटात शिरतात. ग्रेडरच्या घरात मी वाढले. धाग्याची लांबी, ओल, कवडी असे शब्द जेवताना कानावर पडत. वेचणाऱ्या हाताकडं मी कधी पाहिलं नव्हतं. तीन दिवस पहिली वेचणी होती. मजूर मिळत नव्हते. एवढंच कारण.

मी तिची माफी मागितली असं लिहायला आवडलं असतं. मागितली नाही. मला तिचा राग आला होता. सगळ्या मुली तिच्या आवाजावर पळाल्या आणि माझ्या आवाजावर थांबल्या, हे मला कळलं होतं आणि ते गिळता येत नव्हतं. आठवडाभर मी चेंडू घरीच ठेवला. बाबांना सांगितलं, हवा गेली.

पुढच्या वर्षी मृग बरा बरसला. सराव सुरू करायचा तर तिच्या घरी जाऊन विचारावं, हे मला तोवर सुचलं होतं. बाप शेतात होता, डवरत होता. एका बाजूला जुना बैल, दुसऱ्या बाजूला यंदाच शिकवायला घेतलेला गोऱ्हा. मला पाहून त्यानं डवरं थांबवलं नाही, फक्त म्हणाला, "या साहेबाच्या बाई." मी धुऱ्यावर उभी राहिले. तास संपला की गोऱ्हा नाकासमोर धुऱ्यात शिरायचा, आणि जुना बैल थांबायचा, मान कलती करायचा, जू अंगावर घेऊन त्याला वळवायचा. तिसऱ्या वेळी मी विचारलं, हा शिकेल का? "तासात कोनताई बैल चालते, बाई," तो म्हणाला. "धुऱ्यावर कसा वयते ते पाहाव लागते." तो बैलांविषयीच बोलत होता.

परवानगीचं विचारलं तेव्हा तो तिच्या आईकडं बोट दाखवून मोकळा झाला. आईनं एकच विचारलं, "चड्डी घालून खेयाव लागते का व?" मी म्हटलं, सलवार चालते. चालते की नाही मला माहीत नव्हतं. सरांनी नंतर चालवून घेतली. वेचणीच्या दिवसांत आम्ही काय करायचं तेही त्या ओसरीतच ठरलं: रविवारी नऊजणी तिच्या शेतात. मी ओटी बांधली तेव्हा सगळ्या हसल्या, आणि दुपारपर्यंत माझ्या ओटीत जेवढा कापूस, तेवढाच कचरा होता. संध्याकाळी बाबांनी माझी बोटं पाहिली, काही बोलले नाहीत, हळद लावायला सांगितली.

दुसरी रिंग मात्र तिनंच आणली. सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सर, तिकडं टोपलंच नाई तं मांगं येऊन काय राखू?" सर थोडा वेळ निंबाकडं पाहत राहिले. मग लोहाराकडं गेले. लोहारानं मोडक्या बंडीच्या चाकाची धाव काढली, भट्टीत लाल केली, तोडली आणि ठोकून 45 सेंटिमीटरचं कडं केलं. चपट्या पट्टीचं ते कडं अस्सल रिंगसारखं गोल सळईचं नव्हतं, चेंडू त्यावर आपटला की भांडं पडल्यासारखा आवाज यायचा. निकामी झालेला बोअरचा पाईप खांब म्हणून उभा राहिला. उंची 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर, ही सुताराच्या गजानं मोजली. निंबाच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या, शिपाईकाका महिनाभर रुसले. चाकाची असते ती धाव आणि आपण घेतो तीही धाव. हा योग मला तेव्हा दिसला नव्हता, आता लिहिताना दिसला.

त्या वर्षी सरांनी तिला कॅप्टन हो म्हणून सांगितलं. माझ्यासमोरच. माझे कान तापले. तिनं चार नंबरचा शर्ट अंगाला लावून पाहिला आणि परत दिला. "हा मले होत नाई, सर. मले पंधराच होते." झालं. कॅप्टन मीच राहिले. नाणेफेकीला मी जायची, पंचांशी मी बोलायची. तेवढा अधिकार नियमानं कॅप्टनलाच असतो, तोही चेंडू थांबलेला असताना आणि नीट शब्दांत. पण चेंडू चालू असताना बोलायचं काम तिचं. आमच्यात असं काही ठरलं नव्हतं. मी फक्त एवढं केलं की चेंडू चालू असताना गप्प बसायला शिकले. सांगायचं ते चेंडू थांबल्यावर, आणि जिला सांगायचं तिच्याजवळ जाऊन. हे वाचायला सोपं वाटतं. पंधराव्या वर्षी, सामना हरताना, समोर सुटलेला पास जमिनीवरून घरंगळताना ते करून पाहा. जिल्ह्याला एक सामना जिंकलो, दुसरा हरलो. मग दहावी आली.

एवढं सगळं आठवायचं कारण भाची. भावाची मुलगी, नववीत, तालुक्याच्या गावी शिकते. जुलैत तिचा फोन आला, "आत्या, मी कॅप्टन झाली! सांग ना, काय करायचं असते?" माझ्या बँकेत दोन वर्षांपूर्वी नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं होतं. हॉटेलात आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून दोरी धरायला लावली, आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातलं काही सांगावं का, असा विचार केला. सोडून दिला.

भाचीला खेळाडूंची सगळी माहिती मोबाईलवर असते. तिनंच मला बिल रसेलचं सांगितलं. बोस्टनचा खेळाडू, 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं, आणि कारकिर्दीची सरासरी सामन्यामागं 15 गुणांच्या आसपास. "इतकेच?" मी म्हटलं. "तेच तर!" ती म्हणाली. मग 1957 च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना तिनं मला सांगितला. सेंट लुईसविरुद्ध. वेळ संपत आलेली, समोरच्या संघाचा कोलमन चेंडू घेऊन मोकळ्या रिंगकडं निघालेला, आणि रसेल पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून तो पूर्ण मैदान पळत आला आणि तो फटका त्यानं हवेत अडवला. सामना दोन जादा डाव चालला, बोस्टननं 125-123 असा जिंकला. रसेलचं ते पहिलंच वर्ष. तो कॅप्टन नव्हता. भाची सांगत होती आणि मला काय दिसत होतं ते तिला कसं सांगणार! मोठ्या मापाचा शर्ट आणि यवतमाळचं सिमेंट.

ऑगस्टमध्ये तिचा पुन्हा फोन. सूर बदललेला. "आत्या, एक मुलगी अर्धा सराव सोडून जाते. रोज. मी तिला काढून टाकणार आहे. सगळ्यांना एकच नियम पाहिजे ना?"

मी विचारलं, ती कुठून येते. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून. मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी, निळ्या बसनं.

"ती बस किती वाजता निघते?"

भाची गप्प. कॅप्टन होऊन तिला तीन आठवडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी कळलं, बस पाचला निघते आणि सराव साडेचारला सुरू होतो. त्या बसनंतर पोडाकडं काही जात नाही. आता त्यांचा सराव सकाळी प्रार्थनेआधी असतो. सगळं छान झालं असं समजू नका. संघात सगळ्यात जास्त टोपल्या करणारी जी मुलगी, तिची सकाळी शिकवणी असते, आणि तिची आई भाचीवर अजून रागावलेली आहे. सवलतीच्या गुणांसाठी पोरीला खेळायला पाठवलं, आता हा नवा ताप. भाची त्या आईशी जाऊन बोलली. एक दिवसाआड तोडगा निघाला आहे. तोही टिकेल का सांगता येत नाही. तिला मी पंधराची गोष्ट सांगितलीच नाही. माझी वही त्यात येते.

परवा मी तिचा सामना पाहायला गेले होते. दोन रिंगा, दोन्हींना जाळ्या. चेंडूही सहा नंबरचा, मुलींच्या हातात मावणारा; आमच्या वेळी बायकांचा खेळही सातच्या चेंडूनं चाले, हा छोटा चेंडू 2004 मध्ये आला. भाची चांगली खेळली. अजून तोंड फार चालतं तिचं. पोडावरची मुलगी बारीक, काटक आहे, आणि बाकावर बसली की सारखी उठून उभी राहते.

घरी येऊन मी पंधराला फोन केला. आम्ही वर्षातून दोनदा बोलतो, पोळ्याला आणि दिवाळीला. हा मधलाच फोन. ती आर्णीकडं दिली आहे. दोन मुलं, मोठा पुण्यात कंपनीत. फोन उचलला तेव्हा ती शेतात होती, मागं वारा ऐकू येत होता. मी सांगितलं, माझी भाची कॅप्टन झाली.

"कायची?"

"बास्केटबॉलची."

"अवं बाप्पा," ती म्हणाली, आणि बराच वेळ हसली. मग म्हणाली, "रिंगा दोन हायेत ना तिथं?"

"दोन आहेत."

"मंग होते."

मी पुढं काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, थांब, रोही घुसले तुरीत," आणि तिनं फोन तोंडासमोरून न काढताच हाळी दिली. मी फोन कानापासून हातभर लांब धरला. भाऊ आतून विचारत आला, काय झालं, कोण ओरडलं? मी ओसरीच्या मधोमध होते आणि चपला उंबऱ्याजवळ राहिल्या होत्या, चार पावलं पुढं.